त्यांच्या जागी कोण?

"अखेर उचलबांगडी!" हे दोन शब्द पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरले होते. खाली जरा लहान अक्षरांत लिहिलं होतं, "संरक्षणमंत्री गेले, युद्ध थांबणार." पान शकीलने लावलं होतं. आमचे संपादक कदमसाहेब त्याच्या खुर्चीमागे उभे राहून समाधानाने स्क्रीनकडे बघत होते.

"मॅडम, बघा. कसं वाटतंय?"

"वरचे दोन शब्द ठीक आहेत," मी म्हणाले. "खालचं चूक आहे."

इरा, निहार, तुम्ही दोघं बातम्या फोनवर वाचता, म्हणून आधी थोडं समजावून सांगते. आपल्या शहरातल्या एका मराठी दैनिकात मी परदेशाच्या बातम्या बघत असे. फॉरेन डेस्क म्हणजे एक टेबल, एक कॉम्प्युटर आणि मी. निवृत्त झाल्यावरही कदमसाहेबांनी ते टेबल माझ्याकडेच ठेवलं, कारण इंग्रजी बातमी पूर्ण वाचायचा कंटाळा न येणारं दुसरं कोणी त्यांना मिळालं नाही. बातम्या इंग्रजीत एजन्सीकडून येत. मी त्या मराठीत करायची आणि शकील पानात बसवायचा.

पेपर दोनदा छापला जायचा. आधी गावांकडची आवृत्ती, कारण खुलताबाद, करमाड, कन्नड अशा ठिकाणी गाड्या लवकर सोडाव्या लागतात. मग सावकाश शहराची. गावांकडची एकदा छापखान्यात गेली की तिच्यात बदल होत नसे.

ज्या देशाची ही बातमी होती त्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की तुम्ही लगेच कोणाची तरी बाजू घ्याल, आणि मला सांगायचं आहे ते वेगळंच आहे. तिथे बराच काळ युद्ध चाललं होतं आणि तिथल्याच लोकांना ते नको होतं. राजधानीच्या चौकात आया मुलांचे फोटो धरून उभ्या राहायच्या. तिथला संरक्षणमंत्री रोज संध्याकाळी टीव्हीवर येऊन मेलेल्या सैनिकांचे आकडे वाचायचा. त्याचा चेहरा दिसला की लोकांच्या डोक्यात तिडीक जायची. चौकात त्याचे पुतळे जळत. त्या दिवशी दुपारी राष्ट्राध्यक्षांनी त्याला काढून टाकलं. चौकात फटाके वाजले.

फटाक्यांचा फोटो पाहिला आणि कदमसाहेबांना सगळं ओळखीचं वाटलं. त्यांची उमेदवारीची वर्षं जिल्हा परिषदेच्या बातम्यांमध्ये गेली होती. आपल्याकडे एखाद्या साहेबावर लोक चिडले, मोर्चा निघाला, की सरकार त्या साहेबाची बदली करतं. पेपरात "अखेर उचलबांगडी" छापून येतं, लोक गुलाल उधळतात आणि मोर्चा घरी जातो. आमच्या ऑफिसात या बातमीचा साचाच तयार होता. कोण गेला ते मोठ्या अक्षरांत. लोकांना किती आनंद झाला ते मधे. आणि अगदी शेवटी एक ओळ, "त्यांच्या जागी अमुक यांची नियुक्ती झाली आहे."

"शकील," मी विचारलं, "त्यांच्या जागीची ओळ कुठं गेली?"

"जागेत बसत नव्हती मॅडम. शेपटी कापली."

बातमी लांबली की ती खालून कापतात. त्याला आम्ही शेपटी कापणं म्हणतो. महत्त्वाचं वर आणि किरकोळ खाली, असा नियम असतो, त्यामुळे कापणाऱ्याला विचार करावा लागत नाही. त्या दिवशी किरकोळ म्हणून गेलेल्या ओळीत नव्या मंत्र्याचं नाव होतं. हा एका सीमाभागाचा माजी राज्यपाल. पुरेशी माणसं द्या, हिवाळ्याच्या आत निकाल लावतो, असं तो उघड सांगत फिरत होता.

आणि गेलेल्या मंत्र्याची भाषणं मी कितीतरी महिने मराठीत करत होते. सुरुवातीला त्याच्या तोंडी सारखा विजय असायचा. पुढे तो कमी झाला. शेवटी शेवटी तो बोलणी म्हणायला लागला होता. नुसत्या तोफांनी हे संपणार नाही, असं तो संसदेत म्हणाला तेव्हा त्याच्याच पक्षाच्या लोकांनी आरडाओरडा करून त्याला खाली बसवलं होतं.

हे मी कदमसाहेबांना सांगितलं.

"असेल हो," ते म्हणाले. "पण लोकांना जे पाहिजे होतं ते झालं ना? सरकार झुकलं. आज मंत्री गेला, उद्या बोलणी."

"आपल्या पाण्याच्या साहेबाची बदली झाली तेव्हा पण फटाके वाजले होते. नळाला पाणी आलं का?"

कदमसाहेब हसले. "ते वेगळं, मॅडम."

"वेगळंच आहे. तो साहेब काही पाणी अडवत नव्हता. हा मंत्री मात्र युद्ध अडवत होता."

त्यांचं हसू मावळलं. मी पुढे सांगितलं. लोकांचा राग ज्या चेहऱ्यावर होता तो चेहरा राष्ट्राध्यक्षांनी बाजूला केला. आता थोडे दिवस राग कुठे न्यावा हे लोकांना कळणार नाही. तेवढा वेळ त्यांनी मिळवला. नवा माणूस काहीतरी करून दाखवणार, नाहीतर त्याला आणलं कशाला? त्यासाठी तो माणसं मागणार. आणि हे जमणार नाही असं मंत्रिमंडळात आता कोणी म्हणणार नाही, कारण म्हणणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

"हे तुमचं मत झालं," कदमसाहेब म्हणाले. "पहिल्या पानावर मत नको."

"थांबणार, हे पण मतच आहे."

तेवढ्यात छापखान्यातून फोन आला. गाड्या खोळंबल्या होत्या. कदमसाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"शकील, गावांकडची सोडून दे. शहराचं नंतर बघू."

शकीलने माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे. "सोडू साहेब?"

"सोड म्हटलं ना."

त्याने पान सोडलं.

साहेब चहाला गेले तसा शकील माझ्या टेबलाशी आला. हा मुळात कमी बोलणारा माणूस. खुलताबादहून रोज बसने येणारा, घरचं कधी न काढणारा. खुर्ची ओढून बसला तेव्हाच मला कळलं की काहीतरी आहे.

"मॅडम, एक विचारू का? माझा भाऊ आहे ना आरिफ, तो तिथंच आहे."

"तिथं म्हणजे?"

"ह्याच मुल्कात. बंदरावर क्रेन चालवतो. कॉन्ट्रॅक्ट संपलंय. उद्या पुढच्या वर्षासाठी सही करायची, नाहीतर घरी यायचं. सगळे सही करतायत. लोक रस्त्यावर नाचतायत म्हणतो, लढाई संपली म्हणतो. मी पण खूश होतो, सच्ची सांगतो. हेडिंग लावताना हात कसे भराभर चालत होते. आता तुम्ही असं बोलला..." तो थांबला. "सही करू द्यू का त्याला?"

साहेबांशी वाद घालणं सोपं होतं. तिथे चुकले असते तर एक हेडिंग चुकलं असतं.

"काय होईल ते मला ठाऊक नाही, शकील," मी म्हणाले. "मला फक्त कोण गेलं आणि कोण आलं एवढं ठाऊक आहे. तुमच्या आरिफच्या जागी माझा मुलगा असता तर मी त्याला सही करू दिली नसती."

त्याने तिथूनच फोन लावला. आरिफचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होता.

"पागल झाला का भाई तू? इथं मिठाई वाटायलेत लोक!"

"खा मिठाई आणि घरी ये."

"घरी येऊन करू काय? तुझ्या पेपरात मोर्चे छापू?"

"अम्मीला फोन देतो उद्या. तिला सांग मग, येत नाही म्हणून."

पलीकडून मग फोन कट झाला.

कदमसाहेब परत आले ते माझ्यासाठी चहाचा कप हातात घेऊन. हट्टी होते, पण ऐकलेलं डोक्यात ठेवायचे. "बरं, शहराला काय लिहायचं?" त्यांनी विचारलं. शहराच्या आवृत्तीत शेपटी वर आणली. हेडिंग झालं, "संरक्षणमंत्री बदलले, युद्ध आणखी तीव्र होण्याची चिन्हे." "थंड आहे," साहेब कुरकुरले, पण जाऊ दिलं.

आरिफ आला. आईपुढे त्याचं चाललं नाही. पण पुढचे काही आठवडे मी म्हणाले होते तसं काहीच घडलं नाही. राष्ट्राध्यक्षांची लोकप्रियता वाढली. चौक रिकामा झाला. कदमसाहेब येता-जाता विचारायचे, "काय मॅडम, तीव्र झालं का?" शकील सांगायचा की आरिफ घरात त्याच्याशी बोलत नाही. जेवताना ताटाकडे बघून एवढंच म्हणतो, माझा खोलीतला जोडीदार, करमाडचा विलास, त्यानं सही केली, मजेत आहे.

मग एक बारीकशी गोष्ट माझ्या लक्षात आली. संध्याकाळचे आकडे येईनासे झाले होते. नवा मंत्री टीव्हीवर यायचाच नाही. आकडे बंद झाले त्यानंतर सैन्यभरतीचा हुकूम निघाला. आधी तरुणांना उचललं, मग बापांना. बंदर सैन्याने ताब्यात घेतलं आणि तिथल्या परदेशी कामगारांना देश सोडायची परवानगी देणं बंद केलं. क्रेनवर आता दारूगोळा उतरत होता. थोड्याच दिवसांत बंदरावर बाँब पडले.

आया चौकात परत आल्या. नवा मंत्री कधी समोर येतच नव्हता, त्यामुळे या वेळी त्याचा पुतळा कोणी जाळला नाही; त्यांनी सरळ राष्ट्राध्यक्षांचं नाव घेतलं. राष्ट्राध्यक्षांपुढे उभा करायला दुसरा चेहरा उरला नव्हता. सोबतचा छोटा पक्ष सरकारमधून बाहेर पडला. काढून टाकलेला मंत्री संसदेत उभा राहिला आणि त्याने आपलंच जुनं भाषण पुन्हा वाचलं. ज्या बायकांनी त्याचा पुतळा जाळला होता त्यांनी बाहेर टाळ्या वाजवल्या. हे सगळं मी मराठीत करत होते आणि शकील पानात लावत होता. साहेबांनी चिडवणं सोडलं होतं.

त्याच सुमारास एक गृहस्थ ऑफिसात आले. डोक्याला टोपी, अंगात एका कंपनीच्या सिक्युरिटीचा शर्ट. शेंद्र्याहून ड्युटी संपवून थेट आले होते. दारातच उभे राहिले.

"रामराम साहेब. मी बाबुराव, करमाडचा. पोरगं अडकलंय माझं तिकडं, विलास. लई दिस झाले, फोन नाय. पेपरात काय तरी छापा. दिल्लीतले साहेब लोक वाचतील."

विलासचं नाव ऐकून शकील उठून उभा राहिला. कदमसाहेबांनी बाबुरावांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि वही पुढे ओढली. "मुलाला आधी बोलावलं नाही का तुम्ही? काही जण परत आले तेव्हा."

"तो येतच व्हता की. त्याचा दोस्त निघाला, तर मला फोन करून म्हनला, बाबा, मी बी येऊ का?" बाबुराव शांतपणे सांगत होते. "पर त्याच दिशी सकाळी तुमच्याच पेपरात आलं व्हतं नव्हं, लढाई थांबनार म्हनून. एवढाल्या अक्षरांत. म्या फोटू काढून धाडला त्याला. म्हनलं, आता कशाला येतो, संपलीच की."

त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता. त्यांनी नुसतं विचारल्याचं उत्तर दिलं होतं. करमाडला गावांकडची आवृत्ती जाते, हे त्या खोलीत आम्हा तिघांना ठाऊक होतं. कदमसाहेबांचं पेन थांबलं होतं. ते म्हणाले, "बाबुराव, विलासचा फोटो आणलाय का?"

ती बातमी साहेबांनी स्वतः लिहिली. मग दुसरी लिहिली, तिसरी लिहिली. दिल्लीला फोन केले, खासदारांच्या दारात जाऊन बसले. विलास आला, पण फार उशिरा. त्याचा डावा कान गेला आहे. बोलताना तो उजवी बाजू पुढे करतो. त्याला आणायला स्टेशनवर बाबुरावांबरोबर आरिफ गेला होता. परतल्यावर त्या रात्री आरिफ शकीलशी बोलला. काय बोलला ते शकीलने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

साहेबांनी ऑफिसात एक नियम केला. कोणाच्याही बदलीची बातमी असो, मंत्री असो की तहसीलदार, त्याच्या जागी कोण आलं हे दुसऱ्याच वाक्यात द्यायचं. वार्ताहर कुरकुरले, कारण पुष्कळदा त्यांनी ते विचारलेलंच नसे.

तिथले राष्ट्राध्यक्ष पुढची निवडणूक हरले. नव्या सरकारने पहिल्याच दिवशी हिवाळ्याच्या आत निकाल लावणाऱ्या त्या मंत्र्याला काढलं. चौकात पुन्हा फटाके वाजले. मी बातमी घेऊन गेले तेव्हा कदमसाहेबांनी फटाक्यांचा फोटो बाजूला सारला.

"येतंय कोण?" त्यांनी विचारलं.

ज्याचा राग येतो त्याला हाकलल्याचा आनंद तुम्हालाही आयुष्यात पुष्कळदा होईल. तो जरूर घ्या. फक्त फटाके लावण्याआधी कदमसाहेबांचा प्रश्न विचारा.

बाबुराव अजूनही आमचाच पेपर घेतात.