मुंग्यांनी टाकलेलं कमळ

कारंज्याच्या बाजारात अडत्याकडे कापसाचे सौदे पाहणारा माणूस साखरेची फुलं करायला का बसला, याचं उत्तर सोपं आहे: आपल्याला सगळं येतं, असा माझा समज होता. बहिणीच्या साखरपुड्याला आमच्याच मुलखातल्या मालेगावची मंडळी येणार म्हटल्यावर ताटात साखरेचे गुलाब मांडायचं मीच जाहीर केलं. पाक आटवला, गोळे वळले, बोटांनी पाकळ्या दाबल्या. वाळता वाळता पाकळ्या बसल्या आणि कडा तडकल्या. तरी मी ताट मांडलंच.

नवऱ्या मुलाची आई, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, ताटापुढे थबकल्या.

"हे कोनं केलं हो?"

"मी," मी छाती काढून म्हणालो.

"साजरं हाये. पन साखरपुड्यात गोवऱ्या काहून मांडल्या, भाऊ?"

सगळा मांडव हसला. आईसुद्धा पदराआड हसली. तिला मी माफ केलं. विहीणबाईंना नाही. दुसऱ्या दिवसापासून कापसाच्या गंजीवरचे हमाल मला हाक मारू लागले, "ओ गोवरीवाले, आज किती थापल्या?" मी प्रत्येक हाक विहीणबाईंच्या नावावर जमा करत गेलो.

लग्नाला अवकाश होता. रुखवताची फुलंही मीच करणार असं ठरवून बाजारात जडीबुटी विकणाऱ्या एका चाचांना गाठलं.

"पाकाचं कुठं फूल व्हते का, बाबा?" चाचा म्हणाले. "गोंद कतीरा, हा डिंक, भिजव. पिठीसाखर त्यात मळ कनकीवानी, अन् ओल्या फडक्याखाली ठेव. उघडी ठेवशील तर दगड होईल."

जाताना मी तुरटीचा एक खडाही मागितला.

"दाढी करायले?"

"व्हय चाचा. एका बाईची."

तुरटी तोंडात गेली की जीभ, गाल, टाळू सगळं आकसतं. लग्नात विहिणींच्या पंगतीला रुखवतातली सर्वांत मोठी मिठाई वरमायेच्या ताटात पडते. पंगत उठेपर्यंत तरी त्या तोंडातून टोमणा निघू नये, एवढीच माझी माफक इच्छा होती.

साखरेची कणीक अंगठ्यावर घेऊन पारदर्शक होईस्तोवर दाबायची, कड नखाने मुडपायची, पाकळी पिठावर ठेवून सावलीत वाळवायची. सूड माणसाला कामसू करतो. केशरी शेवंती जमली, गुलाबी गुलाब जमले. शेवटी एक पांढरं कमळ केलं. त्यात साखर नावापुरती, बाकी कुटलेली तुरटी. दिसायला सगळ्यांत देखणं तेच.

पंगतीत मी स्वतः ते विहीणबाईंच्या ताटात ठेवलं आणि खांबाला टेकून उभा राहिलो. त्यांनी कमळ उचललं. फिरवून पाहिलं.

"इतकं साजरं फूल खायले जीव होत नाई, भाऊ. मी घरी नेतो."

आणि त्यांनी ते पदरात बांधलं! ते कौतुक मला गोवऱ्यांपेक्षा जास्त झोंबलं.

पुढे दिवाळीला बहिणीकडे मालेगावला गेलो, तर कमळ देव्हाऱ्यात, कृष्णाच्या पायाशी. विहीणबाई कौतुकाने सांगत होत्या, "बाकीचे फुलं सारे मुंग्यायनं खाल्ले. याले एकबी मुंगी शिवली नाई. देवाचंच फूल हाये हे." मुंग्यांना जी अक्कल होती ती मला नव्हती.

वर्षाने बहीण बाळंतपणाला माहेरी आली. भाच्याच्या बारशाला विहीणबाई मालेगावहून छकड्यातून उतरल्या त्या हातात डबी घेऊनच. पाळण्यापाशी डबी उघडली. आत माझा सूड, तसाच पांढराशुभ्र.

"नातवाच्या जिभेले पयले देवाचं फूल लावतो," त्या म्हणाल्या, आणि मधाची वाटी मागितली.

बाळाने आयताच आ केला होता. खरं बोलावं, तर बहिणीला जन्मभर त्या घरात ऐकून घ्यावं लागलं असतं. गप्प बसावं, तर दोन्ही घरांतला एकच निरपराध माणूस माझ्या तुरटीला बळी पडत होता.

"विहीणबाई, पयला मान मामाचा!" असं ओरडून मी कमळ हिसकलं आणि अख्खं तोंडात कोंबलं.

गाल आत गेले. ओठांची पुरचुंडी झाली. डोळ्यांतून पाणी. बायका पाहत राहिल्या.

"काहून हो मामा, वाचा बसली का?" विहीणबाई म्हणाल्या. मग माझं तोंड नीट निरखून, "असं तोंड करून राह्यले जशी गोवरीच खाल्ली!"

सगळं घर हसलं. झणझणीत उत्तर तयार होतं माझ्याकडे, पण ओठ उघडेनात. भाचा तेवढा मध चोखत होता.

आता विहीणबाई थकल्या आहेत, दात गेले आहेत; जिभेला मात्र काही झालेलं नाही. तुरटीचा उरलेला खडा मी फडताळात जपून ठेवला आहे. दाढी मी न्हाव्याकडे करतो.