फळं खाल्लीत का?

म्हैसुरात आमच्या शेजारच्या डॉक्टरांइतका निरुपद्रवी माणूस नव्हता, आणि त्यांच्याइतकं लोक दुसऱ्या कुणालाही भीत नव्हते. ते मधुमेहाचे डॉक्टर. तेव्हा या रोगावर औषध नव्हतं. भात बंद करायचा, साखर बंद करायची आणि वाट पाहायची. रोग हाताबाहेर गेला की श्वासाला पिकल्या फळाचा वास येतो. तो डॉक्टरांना चार पावलांवरून येई. मंडी मोहल्ल्यात एखाद्या अनोळखी माणसापाशी ते थबकत, पगडी सावरत आणि अदबीनं विचारत, "फळं खाल्लीत का?" तो "हो" म्हणाला, तर त्यांचा चेहरा खुले. "नाही" म्हणाला, तर ते त्याची लघवी तपासत आणि त्याचं नाव संशोधनाच्या वहीत लिहीत. मृत्यूचा रकाना मोकळा ठेवत. तो फार दिवस मोकळा राहत नसे.

शहरानं त्यांना ‘हण्णिन डाक्टर’, म्हणजे फळांचा डॉक्टर, म्हणायला सुरुवात केली. ते येताना दिसले की लोक घाईघाईनं केळं सोलत. चामराजपुरमच्या एका लग्नात ते वरबापाजवळ नुसते वाकले, तर वधूची आजी कडाडली, "अय्यो डाक्टर, तुमचं नाक घेऊन तिकडं बसा हो! आज तरी कुणाला हुंगू नका!" डॉक्टर ओशाळले. "आजी, अत्तर कुठलं ते विचारत होतो." वरबापानं त्या दिवसापासून अत्तर सोडलं.

परदेशात मधुमेहावर इंजेक्शन निघाल्याची तार आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आली, तेव्हा मी ती त्यांना वाचून दाखवली. त्यांनी ती तीनदा वाचायला लावली. पुढच्या आठवड्यात एका सकाळी ते घरी आले. कोट अंगावर लोंबत होता.

"मलाही तोच रोग आहे," ते म्हणाले. "औषध इथं येईपर्यंत मी टिकतो का, ते बघायचंय. आपला वास आपल्याला येत नाही, आणि घरचे खोटं बोलतील. तुम्ही बातमीदार. असेल तेच सांगाल."

त्यांनी माझ्या तोंडासमोर श्वास सोडला.

"काही नाही," मी म्हणालो.

"हौदा? खरंच?"

"खरंच."

त्यांनी वही उघडली, स्वतःच्या नावापुढे तारीख घातली आणि लिहिलं : वास नाही. निघताना ते उंबऱ्यात थबकले. नाकपुड्या हलल्या. माझ्याकडे वळून, पगडी सावरत, त्यांनी फार हळू विचारलं, "फळं खाल्लीत का?"

"हो," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा खुलला.

ते औषध पुढं म्हैसुरात आलं. वही आता माझ्याकडे आहे. तिच्यात चुकीची नोंद एकच, त्यांच्या स्वतःच्या नावापुढची. त्या सकाळी माझ्या घरात फळ नव्हतं.