खानावळीची गोष्ट

शहागडजवळच्या एका गावात कांताबाई शिक्षिका होत्या. बौद्धवस्तीतली शिकलेली पहिली बाई. त्यांचा धाकटा भाऊ वसंता १९७४ साली विलायतेतून शिकून आला, तेव्हा गावानं शाळेत त्याचा सत्कार ठेवला.

वसंता जमिनीखालून धावणाऱ्या रेल्वेबद्दल बोलला, बर्फाबद्दल बोलला. लोक टाळ्या वाजवत होते. कांताबाईंचा संताप अनावर झाला. त्या उभ्या राहिल्या.

"वसंता, खानावळीचं सांग. घरी सांगितलंस ते."

"आक्का, इथं कशाला? लोकांनी हार घातलाय."

"ह्यांनीच आपल्याला विहिरीवर चढू दिलं न्हाई. ह्यांना सांगायचं न्हाई, तर कुणाला? बर्फ बघायला गेल्तास का तिकडं?"

वसंतानं मान खाली घातली. मग त्यानं सांगितलं. काळा म्हणून एका खानावळीनं त्याला हाकललं होतं, तेव्हा त्याच्या वर्गातली गोरी पोरं भरल्या ताटावरून उठून त्याच्यासोबत बाहेर पडली होती.

टाळी वाजली नाही. सरपंच उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांताबाई भावाला घेऊन गावाच्या विहिरीवर गेल्या. दोघांनी पाणी शेंदलं. सगळा गाव लांबून बघत राहिला. त्यांच्यासोबत उभं राहायला एकही जण पुढं आला नाही.