माझा हात बसवणारे दामूकाका

मोखाड्याला एका नव्या घरावर मी रेतीच्या पाट्या वाहत होते, तेव्हा दामूकाकांना पहिल्यांदा पाहिले. ते रिकाम्या खोलीत मांडी घालून कोऱ्या भिंतीकडे बघत बसले होते. मला वाटले, स्वारीला काम टाळायचे आहे! न राहवून विचारले, तर म्हणाले, "उजेड कुठून पडतो ते बघतूय. आडव्या उजेडात भिंतीची लबाडी लपत नाय, पोरी."

आज काकांची साठी आपण साजरी करत आहोत. जव्हार-मोखाड्यातल्या कितीतरी बैठकीच्या खोल्यांत त्यांचे उठावाचे रंगकाम आहे. कुठे झाडाच्या सालीसारखे खरबरीत, कुठे नुसती थापीची तिरकी रेघ. नमुना फळीवर करून दाखवल्याशिवाय ते भिंतीला हात लावत नाहीत. लावणीच्या दिवसांत मजूर गावी निघाले की इतर मुकादम आकांडतांडव करतात, काका मात्र म्हणतात, "भिंत काय पळून नाय जात. भात लावून ये." पावसात आमच्याकडे भिंत वाळत नाही, हेही खरेच म्हणा!

मला पाटीवरून थापीवर त्यांनीच आणले. पहिली मोठी भिंत जव्हारला मिळाली. काका सामान आणायला बाजारात गेले होते. अर्ध्यावर मसाला घट्ट व्हायला लागला आणि मी घाबरले. थापी खाली ठेवली आणि घरी कुडाची भिंत सारवते तसा तळहात फिरवत सुटले. भिंतभर अर्धगोल उमटले.

घरमालक आले आणि कडाडले, "हे काय शेणाने सारवलंय? माझं घर म्हणजे झोपडी वाटली का?"

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. तेवढ्यात काका आले. त्यांनी भिंत नीट पाहिली.

"सारवण वाईट नाय, साहेब. पण आपलं ठरलं होतं दुसरं. चूक आमची. खरवडून परत करून देतो."

"मग तुम्ही स्वतः करा. हिला रेती वाहू द्या."

"भिंत हीच करंल. पटत नसंल तर आताच सांगा, सामान उचलतो."

मालकांनी नाइलाजाने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी भिंत पुन्हा धरली. काका मागे उभे होते, हात पाठीशी बांधून. माझी थापी अडली की फक्त म्हणायचे, "खांद्यातून ओढ." एकदाही पुढे आले नाहीत.

भिंत वाळल्यावर मालकांनी तिच्यावरून हात फिरवला. म्हणाले, "मेस्त्री, तुमचं काम ते तुमचंच."

"माझा हात लागला नाय. हिला नाव विचारा," काका म्हणाले.

त्यांनी विचारले. कामावर माझे नाव कोणी विचारण्याची ती पहिलीच वेळ होती. मी पूर्ण नाव सांगितले, आडनावासकट.

काका, सर्वांच्या वतीने वगैरे बोलणे मला जमत नाही. माझ्यापुरते सांगते. तुमचा खांदा धड राहो, नजर शाबूत राहो, आणि आमच्या भिंतींना नावे ठेवायला तुम्ही पुष्कळ वर्षे येत राहा. त्या दिवशी तुम्ही थापी माझ्या हातातून घेतली असती, तरी मला राग आला नसता. मी मुकाट्याने पाटी उचलली असती आणि जन्मभर तीच उचलत राहिले असते.