मोक मास्तरांचं मत

कडू काढ्याचा वाडगा मी मोक मास्तरांच्या टेबलावर ठेवला, तो नेमका त्यांच्या कोपराच्या वाटेत. व्हायचं तेच झालं. सत्त्याण्णव साली इंग्रजांचा भाडेपट्टा संपून हाँगकाँग चीनकडे जायचं होतं; त्या कराराचा जो मसुदा लंडन आणि पेकिंगने मिळून केला होता, त्यावर मास्तरांनी अकरा दिवस खपून लिहिलेलं स्वतःचं मत काढ्यात न्हाऊन निघालं. मत पाठवायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती.

"काढेवाल्या," मास्तर म्हणाले, "माणसंसुद्धा तोंड वाकडं करून पितात तुझा काढा. कागदाला कशाला पाजलास?"

देवळासमोरच्या वडाखाली मास्तर बावीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं लिहून देत होते. इंग्लंडातल्या मुलावर आईने ओकलेली आग ते इतकी मऊ करून लिहीत, की मुलगा उलट टपाली घरी यायची तारीख कळवी. "असं कुठे म्हटलं होतं मी?" आई विचारी. "मनात होतं," मास्तर म्हणत.

त्या वर्षी, चौऱ्याऐंशी साली, सरकारने लोकांचं मत मागवलं आणि वडाखाली रांग लागली. मासळीवाली लाय मावशी म्हणाली, "चीनवाले आहे तसंच पन्नास वर्षं ठेवू म्हणतात ना? शंभर करा म्हणून लिहा."

"मावशी, त्यातला कानामात्राही बदलायचा नाहीये. मान्य की अमान्य, एवढंच सांगायचं."

"म्हणजे मासा चिरून झाल्यावर विचारायचं, चिरू का म्हणून?"

"विचारल्याची नोंद राहते."

"मग शंभरच लिहा. नोंद तर नोंद!"

मास्तरांनी लिहिलं. खाली रिवाजाप्रमाणे 'कृपा असावी' हेही.

स्वतःच्या मताशी मात्र त्यांची लेखणी अडे. बासष्ट साली चीनमधल्या उपाशी गावातून ते खाडी पोहून आले होते. बरोबर निघालेला भाऊ किनाऱ्याला लागलाच नाही. त्या राज्याच्या हाती पुन्हा जायचं नाही, एवढंच त्यांना लिहायचं होतं, आणि तेही खाली स्वतःचं नाव घालून.

मी ओशाळून वाडगा उचलला. मास्तरांनी कोरा कागद पुढे ओढला आणि अकरा दिवसांचं काम अर्ध्या मिनिटात उरकलं. नाव घातलं, ओळखपत्राचा नंबर घातला. मी डोकावलो. वर एकच शब्द होता : मान्य.

"अहो मास्तर! जीव मुठीत धरून पळालेला माणूस तुम्ही. आधीच्या कागदावर तर अमान्य होतं ना?"

त्यांनी पाकीट चिकटवलं.

"अमान्य म्हटलं तर करार जाईल, चीन यायचा थोडाच थांबतोय!"