सोयरिकीच्या सदऱ्यावर स्टाउट

भर उन्हाळ्यात, हादरत चाललेल्या प्रवासी जीपमध्ये मी बिअरची बाटली मांडीवर घेऊन बसलो आणि चहासाठी जीप थांबताच ती उघडली. बिअर साधीसुधी नव्हती. पुण्याजवळच्या एका छोट्या कारखान्यात हौसेनं बनवलेली काळीकुट्ट स्टाउट होती.

शेजारचे गृहस्थ पोराच्या सोयरिकीसाठी लोहाऱ्याला निघाले होते. पांढरा सदरा चुरगळू नये म्हणून ते येडशीपासून पाठ न टेकता बसलेले.

"मामा, भाजलेल्या सातूचा वास बघा," म्हणत मी ऐटीत झाकण उडवलं. अर्धी बाटली त्यांच्या सदऱ्यावर गेली.

त्यांनी आधी सदऱ्याकडं पाहिलं, मग बाटलीकडं. "आता वास येनारच हाय, तर चव तरी बघू."

चहाच्या रिकाम्या ग्लासात त्यांनी थोडी ओतून घेतली. बोट बुडवून दोन थेंब देवासाठी जमिनीवर उडवले आणि एक घोट घेतला. "करपल्या भाकरीवानी लागतीया. पर वंगाळ न्हाय."

स्टाउटच्या चवीचं वर्णन करायला पाठ केलेले कॉफी, चॉकलेट वगैरे शब्द मी गिळून टाकले. इतका जपलेला सदरा गेला, पण या माणसानं त्यावर एक शिवीसुद्धा खर्च केली नव्हती. मी माझा शर्ट देऊ केला. त्यावरचे पोपट बघून त्यांनी हात जोडले.

"पण मामा, सोयरीक मोडली तर?"

"तुमीबी चला की संगं. वास कशाचा इचारलं तर तुमाला म्होरं करतो. तुमचं तोंड बघितलं की कुनालाबी पटंल!"