मढं दिसल्याशिवाय

पक्कड बोटात अडकवायची, तिला गरगर गिरक्या द्यायच्या, फटकन खिशात खोचायची आणि डोळे बारीक करून विचारायचं, "मढं दिसलं का?"

लातूरच्या क्लासवाल्या गल्लीत ज्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्यांना हा माणूस आठवत नसेल तर त्यांनी एकतर खरोखर अभ्यास केला असणार किंवा ते खोटं बोलत असणार. पहिल्या प्रकारचा माणूस मी तरी पाहिलेला नाही, आणि त्या गल्लीत मी मेस चालवतो. माझं वरण तुम्हीही खाल्लं असेल. नळाला पाणी येवो न येवो, माझ्या वरणात ते बारमाही असतं, असं पोरं म्हणायची. म्हणणारी सगळी आता डॉक्टर झाली आहेत, म्हणजे वरणात काहीतरी असणारच.

त्याचं दुकान माझ्या मेसच्या भिंतीला लागून. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड, आत टीव्ही, टीव्हीसमोर खुर्च्या आणि खुर्च्यांत ती पोरं, जी त्या वेळी फिजिक्सच्या तासाला असायला हवी होती. व्हिडिओ गेमचं पार्लर. पोरं त्याला गोळीबारमामा म्हणायची. खरं नाव मलाही फार उशिरा कळलं, आणि ते इथं सांगून उपयोग नाही, कारण त्या नावानं त्याला कुणी हाक मारलेली नाही.

गल्ली तेव्हा नुसती वर वर चालली होती. सकाळी दूध आणायला जाताना बैठं दिसलेलं घर परत येईपर्यंत तीन मजली होऊन त्यावर 'डॉक्टर व्हा'चा फलक लागलेला असायचा. हा एकटा पत्र्याखाली. जागेचा मालक मागं लागायचा, "आरं, वर स्लॅब टाकून देतो, सावली हुईल."

"टाका की. आन् खाली तुमीच बसा," मामा म्हणायचा.

उन्हाळ्यात तो पत्रा असा तापायचा की माझ्या पोळ्या त्यावर भाजून निघाल्या असत्या. एकदा निघाल्याही, पण ते जाऊ द्या.

त्याच्याकडं पुष्कळ खेळ होते, पण त्याचा जीव एकाच खेळात. चोरपावलांचा खेळ होता तो. हिरोनं भिंतीला चिकटून, वाकून, पहारेकऱ्यांची नजर चुकवत पुढं सरकायचं. कुणाला दिसला की भोंगा वाजायचा. मी एकदा खेळून बघितला. माझा हिरो माझ्यासारखाच निघाला, वरणाची बादली घेऊन पंगतीत शिरल्यागत चालायचा. भोंगा असा वाजला की शेजारच्या क्लासातली पोरं तास सुटला समजून चप्पल घालून बाहेर आली.

या खेळाचा खलनायक एक पिस्तूलवाला होता. लांब कोट, कपाळावर ओढलेली टोपी आणि बोटावर गरगरणारं पिस्तूल. पहिल्या भागात तो पुलावरून नदीत पडला. दुसऱ्या भागात वेगळंच नाव लावून हजर. तिथं तो जळत्या गोदामात सापडला, तर तिसऱ्या भागात दाढी वाढवून, हिरोचा दोस्त म्हणवून घेत परत. काही वर्षं गेली की नवा भाग निघायचा, आणि तो आणायला मामा नांदेडला जायचा. लातुरात मिळत असला तरी नांदेडलाच.

"मामा, मेला बघा पिस्तूलवाला!" पोरं बोंबलायची.

पक्कड गरगर फिरायची. "मढं दिसलं का?"

"आवं, सगळं गोदाम जळालं की!"

"गोदाम जळालं. मढं दिसलं का? मढं दिसल्याबिगर कुनाला मेला मनू नगं, येड्या. फुडच्या भागात येतंय बघ."

आणि तो यायचा. मराठवाड्यात एवढा खरा ठरणारा ज्योतिषी दुसरा झाला नाही.

एका पोरानं विचारलं, "पर मामा, नाव बदलतंय, तोंड बदलतंय, मग तुमी त्याला वळखता कशावरनं?"

"बोटांवरनं," मामा म्हणाला. "पिस्तूल फिरवायची ढब बघ. तोंड बदललं तरी बोटं बदलत न्हाईत."

त्याची दुसरी खोड म्हणजे माहेर. नवं पोरगं दुकानात शिरलं की त्याला खुर्ची मिळण्याआधी प्रश्न मिळायचा, "आईचं माहेर कुटलं रं?" उदगीर, देगलूर, चाकूर, काहीही उत्तर येवो, तो मान हलवायचा आणि पक्कड खिशात घालायचा. मुरुडचं एक वात्रट पोरगं म्हणालं, "मामा, आईचं सांगितलं तर एक डाव फुकट का? आजीचंबी सांगतो, दोन द्या."

मीही त्याला टोचायचो, "जात विचारायची ही नवी तऱ्हा काढलीस काय रे?"

"जात घिऊन काय करू, अण्णा?" तो हसून म्हणायचा. "मला नुस्तं माहेर पायजे."

मग एका मे महिन्यात, परीक्षा संपून गल्ली ओस पडली होती तेव्हा, दुपारचा चहा घेता घेता त्यानं मला ते सांगितलं. न विचारता, पक्कड न फिरवता.

त्याचं गाव औशाकडचं. त्या गावाचं नाव घेतलं की आता लोक 'जुनं का नवं?' विचारतात. नवं म्हणजे भूकंपानंतर सरकारनं बांधून दिलेलं. जुन्यात बाभळी आहेत.

"गनपती बुडवून आलो हुतो, अण्णा. उकडत हुतं मनून मी अंगनात निजलो. जाग आली तर घरच न्हाई. नुस्ता धुरळा आन् दगडं. आदी बारकी घावली, भईन माजी. जिती. नाकातोंडात माती, पर जिती. दादा दादा करत हुती. तेवढ्यात एक जीप आली जखमींना न्यायला. मी तिला उचलून जीपमदी ठिवली आन् माघारी पळालो. आई खाली हुती ना. आई दुपारी घावली. तिचं मढं दिसलं. बारकीचं न्हाई दिसलं."

जीप कुणाची, कोणत्या दवाखान्यात गेली, कुणालाच ठाऊक नव्हतं. हा लातूरला गेला, सोलापूरला गेला, नांदेडला गेला. वॉर्डावॉर्डात हिंडला आणि पोरींच्या अंगावरच्या चादरी वर करून बघत सुटला. तोंडाकडून नाही, पायाकडून. बारकीच्या दोन्ही पायांची अंगठ्याशेजारची दोन बोटं जन्मतःच एकमेकांना चिकटलेली होती. आई म्हणायची, "हिच्या पायात जोडवी जायची न्हाईत. हिच्या लग्नात सोनार रडतंय बघा."

"मग नांदेडला गेम आणायला..."

"गेम आनतो की. जाता जाता दवाखान्यात चक्कर टाकतो. जुनी मानसं हाईत अजून एक-दोन. त्येंना इचारतो."

"आणि हे दुकान?"

"आरं अण्णा, साऱ्या मराठवाड्याची लेकरं आज ना उद्या या गल्लीत येत्यात. मी कशाला गावोगाव हिंडू? तिचं लेकरू यील की माज्याकडं. अभ्यासाला न्हाई आलं तर खेळाला यील."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. हा गल्लीत नवा आला तेव्हा पोरांना विचारायचा, "घरी संबाळलेली पोरगी हाय का कुनी?" काही वर्षांनी विचारायला लागला, "वहिनीचं माहेर कुटलं?" आणि आता आईचं. आम्ही हसायचो तेव्हा त्याच्या डोक्यात ती पोरगी वाढत होती. त्यानं तिला परकर-पोलक्यातून साडीत नेलं, तिचं लग्न लावलं, तिला बाळंत केलं, तिचं पोर शिकायला काढलं. माझ्या तोंडाला कुलूप नाही हे अख्ख्या लातूरला माहीत आहे. त्या दुपारी मी गप्प बसून गार झालेला चहा प्यालो.

पुढं आठवीपासूनच पोरांना क्लासला घालायची साथ आली. असंच एक आठवीतलं पोरगं लोह्याहून आलं. मी मामाच्या दारात सुपारी कातरत उभा होतो.

"आईचं माहेर कुटलं रं?"

"ठावं न्हाई. आईला भूकंपातनं आनलंय. आमचे आजोबा जीप चालवायचे ना, त्येंनी आनलंय."

गिरकीत असलेली पक्कड त्याच्या बोटातून निसटून टीव्हीच्या काचेवर आपटली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

रविवारी आम्ही एसटीनं लोह्याला निघालो. त्यानं इस्त्रीचा सदरा घातला होता आणि साडीचोळीची पिशवी मांडीवर अशी धरली होती की आत काचेचं सामान असावं. वाटभर एकच चालू, "वळखंल का रे, अण्णा?" मी म्हणालो, "तू तिला वळखशील ना? मग झालं." त्यावर तो म्हणाला, "मी तर पाय बघूनच वळखतो."

घर साधं होतं, पुढं ओटा, शेणानं सारवलेला. पोरानं आईला आधीच सांगून ठेवलं होतं. ती पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. आम्ही दोघांनीही तिच्या तोंडाकडं बघितलं नाही. आम्ही खाली बघितलं.

अंगठ्याशेजारच्या बोटांत चांदीची ठसठशीत जोडवी होती. दोन्ही पायांत. बोटं सगळी सुटी सुटी.

भूकंप झाला तेव्हा मी लातुरात गाढ झोपलो होतो, बायकोनं फरफटत बाहेर काढलं तोवर मला काही कळलंही नव्हतं. तो मला लोह्याच्या त्या ओट्यावर, भर दुपारी, उभ्यानं जाणवला.

बाईनं तांब्या खाली ठेवला. "माजे वडील, मंजी ज्यांनी संबाळलं ते, जाताना मला सांगून गेले," ती म्हणाली. "मनले, तू जीपमदी दादा दादा करत हुतीस. तुजा भाऊ असंल कुटंतरी. पंचमीला साऱ्या बायांना न्यायला भाऊ येत्यात. माज्याकडं कोन येनार? तरीबी मी दारात बसते बगा. दर साली. आमचे हे हसत्यात." मग तिनं मान वर केली. "मला जीपमदी ठिवलं ते तुमीच का?"

मी मामाकडं बघितलं. नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं? तिची पंचमी दारातच गेली असती आणि याचा शोध चालू राहिला असता. हो म्हटलं की तिला माहेर मिळत होतं, पण मग पायाची बोटं जोडलेल्या त्या पोरीचं काय? भावाला एकच बारकी होती. ती सापडली म्हटल्यावर शोधायचं कुणाला?

त्याचा हात सवयीनं पक्कडीसाठी खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला.

"व्हय, बारके," तो म्हणाला. "मीच. उशीर झाला बग मला."

ती जी रडली, ते मला लिहिता येणार नाही. मी थापा मारू शकतो, पण ते नाही.

परतीच्या गाडीत चाकूर आलं तसं मला राहवेना. "अरे, तिचे पाय..."

"बघितले की," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "तीबी कुनाची तरी बारकीच हाय, अण्णा. तो कुनी आला न्हाई. मी गेलो."

"आणि आपली?"

साडीचोळीची रिकामी पिशवी त्यानं घडी घालून खिशात ठेवली.

त्या खेळाचा शेवटचा भाग त्याच्याकडं कधीचा येऊन पडला होता. पोरं सगळा भाग खेळायची, पण अखेरच्या लढाईला मामा मशीन बंद करायचा. पोरं रडायची, भांडायची, त्यानं कधी ऐकलं नाही. त्या पिस्तूलवाल्याचं पुढं काय होतं हे सगळ्या गल्लीनं ऐकलेलं होतं, पाहिलं कुणीच नव्हतं. लोह्याहून आल्यावर दुसऱ्याच दिवशी मामा स्वतः खुर्चीत बसला. त्याला खेळता येतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. हिरोला त्यानं असा नेला की एकदाही भोंगा वाजला नाही. पोरं श्वास धरून उभी होती, दारात मीही.

पिस्तूलवाला पडला. या वेळी नदी नाही, आग नाही. नुसती उघडी जमीन, आणि तिच्यावर तो उताणा. टोपी बाजूला, डोळे उघडे. पिस्तूल बोटातून हळूच निसटलं.

कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "मामा, मढं दिसलं."

"दिसलं," मामा म्हणाला, आणि मशीन बंद केलं.

त्यानंतर त्यानं कुठल्याच पोराला आईचं माहेर विचारलं नाही. पंचमी आली की लोह्याला जायचा, बाईला घेऊन यायचा. पत्र्याच्या त्या शेडात ती माहेरपण करायची, माझ्याकडून वरण नेऊन त्यात वरून डाळ घालायची. काही वर्षांनी तो गेला. झोपेत, पत्र्याखाली. बाई रातोरात आली आणि सख्ख्या बहिणीनं करायचं ते सगळं तिनं केलं. तिला कुणी काही सांगितलं नाही. सांगणारा मी एकटाच होतो.

शेड गेलं. आता तिथं स्लॅब आहे, स्लॅबवर स्लॅब, आणि सर्वांत वर 'डॉक्टर व्हा'.

जूनमध्ये पोरांना सोडायला आया येतात. वरण पातळ असतं का, तिखट किती घालता, रात्री दूध मिळेल का, हजार प्रश्न. मी उत्तरं देतो, पण मान वर करत नाही. घरी जाऊन त्या म्हणे सांगतात, मेसवाला बाकी भारी मर्यादेचा माणूस आहे, बाईमाणसाशी खाली बघूनच बोलतो.

म्हणू देत. बारकीचं मढं मी अजून पाहिलेलं नाही.